डावा दिवा कोण विझवतं?

१

त्या महिन्यात चौथा बल्ब घालूनही मोजणीसाहेबांच्या गाडीचा डावा हेडलाइट गेला, तेव्हा साहेबांनी बल्ब बदलायचं सोडून सरळ माणूसच बदलायचं ठरवलं. त्यांनी सोसायटीच्या चेअरमनकडे लेखी तक्रार दिली: इमारतीचा वॉचमन रोज संध्याकाळी माझ्या गाडीच्या दिव्यात हात घालतो, त्याला काढून टाकावं. रविवारी सकाळी दहाला मीटिंग ठरली. वॉचमनची नोकरी गेली की गेटमागची खोलीही जाणार होती, कारण ती नोकरीबरोबरच मिळाली होती.

सोमवारी सकाळी वॉचमन त्या तक्रारीची झेरॉक्स घेऊन करंटमामाच्या दुकानात आला.

करंटमामा म्हणजे गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. बॅटरी जिवंत आहे की मेली ते तो बोट लावून सांगतो अशी आवई होती, त्यावरून हे नाव पडलं. त्याला सख्खा भाचा एकही नव्हता, पण अख्खा रस्ता त्याला मामा म्हणायचा. हाक मारणारे पुष्कळ आणि जेवायला थांबणारं कोणी नाही, अशी त्याची गत. दुकानाच्या मागे एक खोली, खोलीत एक खाट, आणि बायको गेल्यापासून एकच ताट.

"मामा, तुम्ही एकदा गाडी बघा," वॉचमन म्हणाला. "चेअरमन म्हणाले, करंटमामाने लिहून दिलं की दिव्यात छेडछाड नाही, तर आम्ही तक्रार फेटाळू."

"आणि असली तर?"

"तर ती माझी नाही." वॉचमन खाली बघत म्हणाला, "बायकोने सकाळपासूनच सामान बांधायला घेतलंय. मी म्हटलं थांब. ती म्हणते, साहेब शिकलेले, आपण कोण?"

मामाने झेरॉक्स उलगडली. अक्षर मोत्यासारखं होतं, पण सगळं लिखाण पानाच्या उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवलेलं. डावीकडे एवढा समास सोडला होता की तिथे दुसरी तक्रार मावली असती.

"सरकारी माणूस," मामा हसला. "समासाला जागा सोडणार, माणसाला नाही."

पण तक्रारीचं शेवटचं वाक्य वाचल्यावर त्याचं हसू मावळलं. साहेबांनी लिहिलं होतं: गाडीतून उतरून पाहिले असता दिवा चालू असतो, आत बसले असता तो बंद होतो.

एकतीस वर्षं मामा दिवे दुरुस्त करत होता, पण माणूस बघून बंद-चालू होणारा दिवा त्याच्या बघण्यात नव्हता.

२

दुपारी साहेब स्वतः गाडी घेऊन आले. ताठ कणा, इस्त्रीचा सदरा, चकाकणारे बूट. उभा जन्म त्यांनी लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवला होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, बायको जाऊन चार. एवढा टापटिपीचा माणूस, पण डाव्या गालावर पांढरी खुंटं तशीच होती. घाईत राहिली असतील, असं मामाला वाटलं.

"मिस्त्री, या नजरेला इंचाचा फरक कळतो," साहेब म्हणाले. "मला कोणी उल्लू बनवू शकत नाही."

"बरोबर आहे साहेब. दिवा कधी जातो?"

"रोज संध्याकाळी. मी चारला वाचनालयात जातो, दिवेलागणीला परत येतो. पार्किंगमध्ये समोर भिंत आहे. हेडलाइट लावले की भिंतीवर उजेडाचे दोन गोल पडायला हवेत. एकच पडतो, उजवा."

"मग तुम्ही उतरून बघता."

"समोर जाऊन वाकून बघतो, तर हा लागलेला! परत येऊन बसतो, की गेलेला. काय जादू आहे?"

ही जादू मामाला ओळखीची वाटली. माणूस बसला की सीट दबते, गाडी इंचभर हलते, कुठली तरी ढिली वायर सुटते. त्याने बाह्या सरसावल्या. बल्ब काढून बघितला, तार शाबूत. फ्यूज धड, रिले धड. होल्डरला मीटर लावला, तर काटा बरोबर बारावर. साहेबांना आत बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. बॉनेटवर बुक्के मारले, दारं आपटली. दिवा ढिम्म हलेना, म्हणजे जळतच राहिला. साहेब मात्र भर उन्हात काही कळत नाही म्हणून कुरकुरत होते, आणि दुकानासमोर भिंतही नव्हती.

गाडीच्या डाव्या अंगाला पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत एक ओरखडा होता.

"हा पण त्याचाच प्रताप," साहेब म्हणाले. "खिळ्याने ओढलाय."

मामाने त्यावरून बोट फिरवलं. खिळ्याचा ओरखडा बारीक असतो. हा दोन बोटं रुंद होता आणि त्यात पिवळ्या रंगाची भुकटी बसली होती. मामाने बोट फडक्याला पुसलं.

"संशय वॉचमनवरच का?"

"कारण संध्याकाळी मी गेटमधून आत येतो तेव्हा त्याची केबिन रिकामी असते. रोज! मग तो असतो कुठे? पार्किंगमध्ये, माझी वाट बघत." साहेबांनी आवाज खाली आणला. "तसे वैरी आणखी आहेत. शेजारच्या टेलरबाई आठ महिने झाले माझ्याशी बोलत नाहीत. पूर्वी रोज दारातून विचारायच्या, आलात का. काय बिघडलं कोण जाणे. आणि माझा भाचा म्हणतो, मामा, गाडी विका. त्याला फुकटात हवी असेल."

"मग दिवसभर बोलता कोणाशी?"

"वाचनालयात जातो म्हटलं ना. तिथे बोलायला मनाईच आहे. त्यामुळे कोणी बोलत नाही याचं तिथे वाईट वाटत नाही."

हे त्यांनी जमिनीचा आकडा सांगावा तसं सांगितलं. तसाच एक हिशेब मामाकडेही होता. तो रविवारी दुकान उघडं ठेवायचा ते कामासाठी नव्हे.

त्याने नवा होल्डर बसवला, जाड वायरने अर्थिंग थेट बॉडीला जोडलं आणि हात पुसले. "आता हा दिवा गेला तर माझं नाव बदला."

मंगळवारी सकाळी फोन वाजला.

"मिस्त्री," साहेब म्हणाले, "नवं नाव काय ठेवू?"

३

बुधवारी मामाने दुकान ओढून घेतलं आणि पाना-पक्कड न घेता साहेबांच्या इमारतीत गेला. दिव्यात दोष सापडत नसेल तर दिव्याच्या आसपासची माणसं तपासावी, एवढं त्याला कळत होतं.

गेटला दोन पिवळे खांब होते. आत शिरताना डाव्या हाताला वॉचमनची केबिन, तिच्या मागे त्याची खोली. खोलीच्या दारात वॉचमनची बायको जुन्या साडीत भांडी बांधत होती. तिने मामाला पाणी दिलं आणि पुन्हा गाठ मारायला बसली.

"संध्याकाळी केबिन सोडून कुठे जातोस?" मामाने वॉचमनला विचारलं.

"कुठेच नाही! साहेबांची गाडी आली की मी उठून उभा राहतो, सलाम करतो. दगडाला केल्यासारखा. मान हलत नाही त्यांची."

"आणि दुपारी जाताना?"

"तीच तर गंमत आहे, मामा. जाताना हात वर करतात, कधी विचारतात, काय रे, पोरगी काय म्हणते. आणि दोन तासांनी परत येतात ते परके होऊन. एकाच माणसाची दोन माणसं झालीत."

मामा जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेला. जिना संपला की समोर साहेबांचं दार, आणि डाव्या हाताला टेलरबाईंचं. बाई संध्याकाळच्या उजेडासाठी मशीन दारातच ओढून बसायच्या. वय पन्नाशीचं, तोंडात टाचणी आणि त्याहून टोकदार जीभ.

"मी बोलत नाही?" त्यांनी टाचणी काढली. "मी? अहो, त्यांची मिसेस गेल्यापासून रोज विचारते मी, आलात का. एवढंच. पण एकट्या माणसाला तेवढं पुरतं. आठ महिने झाले, हा मनुष्य नाकासमोर बघत जातो. एकदा चहाचा कप हातात धरून उभी राहिले होते या इथे. कपाकडेसुद्धा बघितलं नाही. मीच प्यायले तो, गार झाल्यावर."

"मग आता विचारत नसाल."

बाई ओशाळल्या. "विचारते. सवय लागलीय. पण आता वर बघत नाही, मशीनकडे बघूनच विचारते. उत्तर येत नाही ते बघायला कशाला मान वर करायची?"

"आणि दुपारी ते बाहेर पडतात तेव्हा?"

"तेव्हा माझं दार बंद. मी गिऱ्हाइकांच्या घरी मापं घ्यायला जाते."

राहिला साहेबांचा भाचा. तो फोनवर भेटला, आणि फटाक्यासारखा फुटला. "गाडी? मला नको त्यांची गाडी! आमच्या मामाने वर्षभरात तीनदा ती खांबाला घासलीय, म्हणून विका म्हटलं. आणि शेवटचं जेवायला आले तेव्हा माझ्या बायकोचा पाणउतारा केला. ताटात दोन वाट्या होत्या. एक संपवली, दुसरीला हात लावला नाही, आणि उठताना म्हणतात, एकच वाटी वाढायची पद्धत आहे वाटतं तुमच्याकडे! भरलेली वाटी समोर होती हो! ती रडली त्या दिवशी."

मामा जिन्यातच बसून राहिला. तीन संशयित, आणि तिघांचीही तक्रार होती ती साहेबांबद्दल. साहेब म्हणतात वॉचमन जागेवर नसतो, वॉचमन म्हणतो मी सलाम करतो. साहेब म्हणतात बाई बोलत नाहीत, बाई म्हणतात मी रोज बोलते. इतकी माणसं एकाच वेळी खोटं बोलत नसतात. मग खोटं बोलणारा एकच उरतो.

४

गुरुवारी साहेब वाचनालयात गेले होते तेव्हा मामा पार्किंगमध्ये शिरला आणि पाण्याच्या पंपामागे दबा धरून बसला. गुडघे कुरकुरत होते. या वयात चोर पकडायला निघालोय, उद्या कोणी ऐकलं तर हसं होईल, असं त्याला वाटलं. मग वाटलं, ऐकायला आहे कोण?

दिवेलागणीला गाडी गेटमधून वळली. मामाला पंपाच्या आडून सगळं स्वच्छ दिसत होतं. वॉचमन केबिनबाहेर येऊन ताठ उभा राहिला आणि त्याने सलाम केला. गाडी त्याच्या पायांपासून हातभर अंतरावरून गेली. काचेआड साहेबांचा चेहरा समोर बघत होता.

गाडी भिंतीसमोर चार पावलांवर थांबली. भिंतीवर उजेडाचे दोन गोल पडले, डावा आणि उजवा. दोन्ही सारख्या तेजाचे. आसपास चिटपाखरू नव्हतं. गाडीला कोणी हात लावला नव्हता.

साहेब आत बसून भिंतीकडे बघत राहिले. मग मोठ्याने म्हणाले, "गेला. आजही गेला."

मामाने डोळे चोळले. दोन्ही गोल जागच्या जागी होते.

साहेब उतरले, गाडीच्या पुढे आले, डाव्या हेडलाइटसमोर वाकले. उजेड त्यांच्या तोंडावर पडला. "लागला," ते पुटपुटले. परत जाऊन बसले. दार लावलं. भिंतीकडे बघितलं.

"गेला!"

या सगळ्या वेळात डावा दिवा डोळ्याचं पातं लवावं एवढाही विझला नव्हता. साहेबांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि ते कितीतरी वेळ तसेच बसून राहिले.

५

त्या रात्री मामाला जेवण गेलं नाही. पहिला विचार त्याच्या मनात आला तो सरळ होता: म्हातारा नाटक करतोय, वॉचमनला घालवायला. पण नाटकाला प्रेक्षक लागतो. मामा तिथे बसलाय हे साहेबांना माहीत नव्हतं. रिकाम्या पार्किंगमध्ये माणूस कोणाला फसवायला ओरडेल, गेला म्हणून?

म्हणजे साहेब खरं बोलत होते. वॉचमन खरा होता, बाई खऱ्या होत्या आणि भरलेली वाटीही खरी होती.

शुक्रवारी सकाळी मामाने बॅटरीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर खडूने गेट काढलं. केबिनच्या जागी फुली मारली. आत येताना केबिन साहेबांच्या डावीकडे. त्याने पुठ्ठा फिरवला. बाहेर जाताना तीच केबिन उजवीकडे. जाताना हात वर करतात, येताना परके होतात. एका माणसाची दोन माणसं नव्हती झाली, एका केबिनच्या दोन बाजू झाल्या होत्या.

त्याने खडू धरला तो सोडला नाही. बाईंचं दार, डावीकडे. गाडीवरचा ओरखडा डावीकडे, त्यात खांबाचा पिवळा रंग. उरलेली वाटी कुठली, हे विचारायला त्याने भाच्याला पुन्हा फोन केला. "डाव्या हाताची," भाचा म्हणाला, "का हो?" राहिलेली दाढी डाव्या गालावर. तक्रारीच्या कागदावर डावं अर्धं पान कोरं.

आणि दिवा? डावाच. पण उतरून समोर गेलं की तो लागलेला का दिसायचा? मामा उठून दुकानासमोर उभ्या असलेल्या एका गाडीच्या पुढे जाऊन तोंड करून उभा राहिला. गाडीचा डावा दिवा आता त्याच्या उजव्या हाताला होता.

एवढे सगळे गुन्हे, आणि गुन्हेगार एकच. पण तो दिवा विझवत नव्हता. तो साहेबांच्या डाव्या हाताचं अख्खं जगच उचलून नेत होता, आणि साहेबांना त्याचा पत्ताही नव्हता.

मामाला सगळ्यात जास्त लागली ती एक साधी गोष्ट. घरात दुसरं माणूस असतं तर पहिल्या सकाळीच म्हणालं असतं, अहो, इकडची दाढी राहिली. आठ महिन्यांचं कोडं न्याहारीच्या आधी सुटलं असतं. मामाने नकळत स्वतःच्या गालावरून हात फिरवला, आधी एका, मग दुसऱ्या.

आता प्रश्न पुराव्याचा होता. ज्या माणसाला आपल्या नजरेचा एवढा अभिमान, त्याला हे सांगायचं कसं?

६

शनिवारी सकाळी मामाने साहेबांना पार्किंगमध्ये बोलावलं. इमारतीखालचं पार्किंग ते, दिवसाही अंधारलेलं.

"सापडला का?" साहेबांनी विचारलं.

"सापडला. पण तुमच्या मदतीने पकडायचाय. आधी आत बसा, दिवे लावा. भिंतीवर किती गोल?"

"एक. उजवा."

"आता उतरा आणि गाडीकडे तोंड करून उभे राहा. एका दिव्यापुढे वाकायचं नाही. दोन्हींच्या बरोबर मध्ये उभं राहायचं. नजर बॉनेटच्या मधोमध. मान हलवायची नाही. मोजणीच्या दुर्बिणीतून बघताना जशी धरायचात तशी."

हे साहेबांना पटलं. ते उभे राहिले. "डावा लागलाय," ते म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज बदलला. "मिस्त्री... उजवा गेला."

"हलू नका. कोण आलं होतं का गाडीजवळ?"

"कोणीच नाही. पण हा तर चांगला होता! आत्ता, आत्ता भिंतीवर त्याचाच गोल होता!"

"डावा हात पुढे करा. तसाच, न बघता. आणखी पुढे. टेकवा."

साहेबांचा तळवा उजव्या हेडलाइटच्या काचेवर टेकला. ते दचकले. काच गरम होती. त्यांनी सावकाश, अगदी सावकाश मान डावीकडे वळवली, आणि त्यांना आपला हात दिसला. बोटांच्या फटींतून उजेड बाहेर सांडत होता.

"विझलेलाच नव्हता, साहेब. हा नाही, आणि तो तर कधीच नाही."

साहेबांनी हात काढला नाही. मामाने मग त्यांना सगळं सांगितलं. केबिन, खांब, वाटी, दाढी, समास. एकेक सांगताना त्याला वाटत होतं, आपण या माणसाच्या अंगावरचा एकेक कपडा काढतोय. वॉचमनचं सांगून झाल्यावर साहेब फक्त म्हणाले, "तो उभा असायचा?"

"रोज. सलाम करून."

"आणि टेलरबाई?"

"रोज विचारतात, आलात का."

"अजूनही?"

"अजूनही. बुधवारीच सांगितलं त्यांनी."

साहेब गाडीच्या बॉनेटवर बसले. मोजणीच्या कामात चूक झाली तर ती पुढच्या प्रत्येक आकड्यात शिरते, हे त्यांनी किती तरी जणांना शिकवलं असेल. आता ते ओठ हलवत आठ महिन्यांचे दिवस मोजत होते. मध्येच थांबले आणि लहान मुलासारखे रडले. मामा त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

गाडीची किल्ली मामाने मागितली नाही. साहेबांनीच ती काढून त्याच्या हातात ठेवली.

दुपारी मामा त्यांना टॅक्सीने डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास बोटं नाचवली, दिवे दाखवले, मग सांगितलं की डोळे ठणठणीत आहेत. मेंदूकडे जाणारं रक्त मागे कधीतरी, बहुधा झोपेत, थोडा वेळ अडलं असावं. तेव्हापासून डावीकडचं बघितलेलं, कधीकधी ऐकलेलंही, आत पोचत नाही, आणि पोचत नाही हेही माणसाला कळत नाही. तपासण्या करू, औषध देऊ. पण गेलेलं फारसं परत येणार नाही. मान वळवून बघायची सवय लावायची. गाडी मात्र बंद.

"म्हणजे बल्ब चांगला, फ्यूज चांगला, वायर मध्येच तुटलीय," मामा म्हणाला.

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी दोघे जिना चढून आले. मशीनचा खडखडाट चालू होता. मामा मुद्दाम दोन पायऱ्या मागे राहिला.

"आलात का?" टेलरबाईंनी कापडावरची नजर न उचलता विचारलं.

साहेब थांबले. त्यांनी आधी मान वळवली, ती पुरेना, तेव्हा अख्खे वळले.

"आलो," ते म्हणाले.

मशीन थांबलं.

७

रविवारी मीटिंग पाच मिनिटांत आटोपली. साहेबांनी उभं राहून तक्रार मागे घेतली आणि कारणही स्वतःच्या तोंडाने सांगितलं, एकही शब्द न गाळता. चेअरमन म्हणाले, वॉचमनची नोकरी कायम. लोक खुर्च्या उचलू लागले.

साहेब मात्र गेटकडे निघाले. मामा त्यांच्या मागोमाग गेला, कारण दुकान उघडायची त्याला घाई नव्हती.

वॉचमनच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भांडी, कपडे, पोरीची पुस्तकं, सगळं गाठोड्यांत बांधून जमिनीवर ठेवलं होतं. भिंतीवर खिळे तेवढे उरले होते. वॉचमन गडबडून उठला. "बसा ना साहेब, झालं गेलं..."

"झालं गेलं कसं?" त्याची बायको म्हणाली. सहा दिवसांत तिने पहिल्यांदाच आवाज चढवला होता. "सहा दिवस पोरगी विचारतेय, आपण कुठे जाणार. मी काय सांगायचं? दिसत नव्हतं म्हणता. मला सांगा, दिसत नव्हतं तर विचारता येत नव्हतं?"

वॉचमनने तिला खुणेने गप्प करायला बघितलं. साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"येत होतं," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं."

माफ केलं असं ती म्हणाली नाही.

साहेब तिथेच जमिनीवर बसले, इस्त्रीच्या कपड्यांनिशी. जवळचं गाठोडं त्यांनी ओढलं आणि गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट होती. रागाने मारलेली असणार. पण त्यांच्या कामाला चिकाटी होती. एक सुटली, दुसरी सुटली. पातेली निघाली, ताटं निघाली, पोरीचा कंपास निघाला. ते एकेक वस्तू बाजूला नीट रचत होते. दारात उभ्या मामाला वाटलं आत जावं, दोन गाठी सोडू लागाव्या. पण हे काम दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

पाचवं गाठोडं सोडून साहेबांनी हात झटकले आणि वर बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर थोडं समाधान होतं.

"झाली सगळी," ते म्हणाले.

त्यांच्या डाव्या हाताला चार गाठोडी तशीच बांधलेली होती.

वॉचमनने मामाकडे बघितलं, मामाने वॉचमनकडे. वॉचमनच्या बायकोने कोणाकडेच बघितलं नाही. ती उठली, त्यांतलं एक गाठोडं उचललं, साहेबांच्या मागून वळसा घालून आली आणि ते त्यांच्या उजव्या हाताला ठेवलं.

"अजून आहेत," ती म्हणाली, आणि दुसरं आणायला वळली.